कोंडाबाईचा चेहरा

आमच्या लोहाऱ्यात सीनरी म्हणजे बर्फाचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी निळं तळं, तळ्यात हंसांची जोडी आणि काठावर लाल कौलांचं घर. हे मी आयुष्यभर काढत आलो. त्यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकानंही पाहिलेलं नसायचं, म्हणूनच त्याला ते हवं असायचं. मी जे रोज पाहत होतो, म्हणजे माळ, बाभळी, ज्वारी काढल्यावर मागं राहिलेली धसकटं, उन्हानं भेगाळलेलं रान, त्यातलं काही काढून मागणारा माणूस मला फार उशिरा भेटला. आणि त्यानं मागितलं तेव्हाही मी त्याला वेगळंच काढून दिलं, कारण त्यालाही शेवटी तेच हवं होतं. त्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. पण आधी धंदा काय होता ते सांगतो. आता पेंटर म्हटलं की लोकांना घराला रंग देणारा माणूस आठवतो.

एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या शेडमध्ये माझं दुकान होतं. दुकानांचे फलक, दवाखान्याच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या पोरांची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, देवळाच्या कमानीवरचा नंदी, निवडणूक आली की गावोगावच्या भिंती. भिंतीवर लिहायचं तर आधी खडू चोळलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटते. अशा दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवायचं. अक्षराच्या पोटात मोकळी जागा किती ठेवायची हे पट्टीनं कळत नाही, डोळ्यानं कळतं. माझं अक्षर चांगलं होतं. अजूनही एका औषधाच्या दुकानावर माझी पाटी आहे. रंग उडालाय, पण वळण हललेलं नाही. स्टँडवर उतरलो की मी तिच्याकडं एकदा बघतोच.

पाट्यांवर पोट भरायचं, पण नाव झालं ते मयताच्या फोटोंवर. घरातलं माणूस गेलं की लोक त्याचा एखादा छोटा फोटो घेऊन यायचे. लग्नाच्या गर्दीतला, नाहीतर कुठल्यातरी ओळखपत्रावरचा. त्या फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायच्या. तेवढ्याच चौकटी हार्डबोर्डावर मोठ्या करून आखायच्या. मग एकेका चौकटीतलं जसंच्या तसं उतरवत जायचं. असं काम करताना तुम्ही कुणाचं नाक किंवा डोळा बघत नसता, नुसती एक वळलेली रेघ बघत असता. सगळ्या चौकटी भरल्या की माणूस एकदम समोर येऊन बसतो. पहिल्या वेळी मला भीतीच वाटली होती.

मुरूमचे एक व्यापारी असेच वडिलांचा फोटो घेऊन आले. वडील जन्मभर धोतर, टोपी आणि कपाळभर विभूती लावून दुकानाच्या गादीवर बसलेले. मुलाला मात्र ते सुटाबुटात हवे होते. मी कोट घातला, टाय बांधला, केसांचा भांग पाडला. चित्र न्यायला आले तेव्हा सोबत त्यांची म्हातारी आई होती. तिनं चित्र बराच वेळ बघितलं आणि मुलाला कानडीत हळूच विचारलं, हा कोण? मुलगा चित्र तिथंच ठेवून तिला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी येऊन कोट काढायला सांगून गेला. मी आनंदानं काढला. पेंटरचं एक बरं असतं, वरून रंग दिला की झालेलं नाहीसं होतं, असं तेव्हा मला वाटायचं.

हा धंदा मला उमरग्याच्या रशीद उस्तादांनी शिकवला. पाट्या रंगवायला आम्ही सायकलवर गावोगाव जायचो. उस्ताद वाटेत कुठंही सायकल उभी करायचे आणि विचारायचे, ही माती कसल्या रंगाची? मी म्हणायचो, काळी. एकदा त्यांनी काळ्या रंगाचा डबा उघडला, बोट बुडवून ढेकळाला लावलं आणि मला बघायला लावलं. ढेकूळ काळं नव्हतं. जांभळं होतं, राखेसारखं होतं, कडेला तांबूस होतं. त्या दिवसापासून मला आमचं रान रिकामं वाटेनासं झालं. सकाळी माळावर एक रंग असतो, दुपारी तो मरतो, दिवस कलला की दुसराच येतो. पाट्यांच्या उरलेल्या रंगांतून मी जुन्या पत्र्यांवर हे काढायचो. उस्ताद बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "अच्छा है. लेकिन इसे लेगा कौन?"

ते खरंच होतं. आमच्या रस्त्यावर वीरभद्र अण्णांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. त्यांनी आतल्या मोठ्या भिंतीवर सीनरी काढायला सांगितली. त्यांच्या खिडकीतून एक फार सुरेख रान दिसायचं. मधे विहीर, विहिरीवर वाकलेलं लिंबाचं झाड, पलीकडं तुरीचा पिवळा पट्टा. मी जीव ओतून तेच रान भिंतीवर काढलं. अण्णा आले, उभे राहिले, खिडकीतून बाहेर बघितलं, परत भिंतीकडं बघितलं.

"शिवा, हे तर भायेर फुकट दिसतंय. आत कशाला पायजे?"

मी त्यावर धबधबा काढला. ट्रकवाले त्या धबधब्यासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचे. पुढं रस्ता रुंद झाला, विहीर बुजली, लिंब गेला. त्यानंतर अण्णा एकदा मला म्हणाले की ते रान जसं होतं तसं परत काढता येईल का. मी प्रयत्न केला. झाड नेमकं कुणीकडं वाकलेलं होतं यावरच आमचं दोघांचं जमेना. ते राहून गेलं.

अण्णांचं हे रान गेल्यावर मला हळहळ वाटली, पण ती सोसण्यासारखी होती. ज्याबद्दल अजून मनाला टोचणी आहे ते प्रकरण मल्हारी अप्पांचं.

मल्हारी अप्पा सास्तूरचे. जातीनं धनगर, मेंढरांचा मोठा कळप. भूकंपात सास्तूर पडलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी त्याचं वर्णन करत नाही. त्या पहाटे मल्हारी अप्पा गावात नव्हते. एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, तिथं ते उघड्यावर झोपले होते. त्यांचं दूध सुटलेलं पोरगं, बिरू, त्यांच्याच घोंगडीत होतं. त्याला कोकरांपाशी राहायचं होतं म्हणून ते मागं राहिलं. बायको कोंडाबाई सासूला ताप आला म्हणून आदल्या दिवशी गावात गेली होती. दगड-मातीच्या त्या घरातून सासू-सुना दोघीही परत आल्या नाहीत.

मल्हारी अप्पा माझ्याकडं आले ते त्यानंतर काही वर्षांनी. सास्तूर नव्या जागी वसलं होतं. सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, सिमेंटच्या भिंती. त्या भिंतींवर घरोघर गेलेल्या माणसांचे फोटो लागले होते. त्यातले कितीतरी माझ्याच हातचे. अप्पा दुकानाच्या दारात काठी टेकवून उभे राहिले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. मी बसा म्हणालो तरी बसले नाहीत.

"पोरगं साळंत जातंय आता," ते म्हणाले. "घरी येऊन इचारतंय, माझी आई कशी व्हती. समद्यांच्या आया भितीवर हायत. म्या काय दाखवू?"

मी फोटो मागितला. फोटो नव्हता. लग्नात कुणी काढला नव्हता, नंतर काढायचं कारण पडलं नव्हतं. मेंढरांमागं फिरणारी माणसं, वर्षातले निम्मे दिवस रानात. मी म्हणालो, फोटोशिवाय कसं काढणार? तर ते म्हणाले, मी सांगतो की. मग मी पेन्सिल घेतली आणि विचारत गेलो. चेहरा गोल का लांबट? नाक कसं? डोळे मोठे का बारीक?

अप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग जे बोलले ते मी आजवर विसरलो नाही.

"पेंटर, माझ्या कळपातल्या एकेका मेंढीचं तोंड सांगतो तुमाला. कुणाचं कान कसं, कुणाच्या नाकाडावर डाग कुठं. आन् हिचं इचारलं तर सापडंना झालंय."

त्यात नवल नव्हतं. त्या काळी चारचौघांत नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघायची पद्धत नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. घरात दिवा मिणमिणता. रानात ती कळपाच्या एका अंगाला, हे दुसऱ्या अंगाला. पण बाकीचं सगळं त्यांना आठवत होतं. ती चालताना डावा पाय किंचित ओढायची. मेंढरांना हाक मारायची ती जिभेचा टाळूवर वेगळाच आवाज काढून, तो आवाज ऐकून कळप वळायचा. हातावर गोंदलेली तुळस. आणि दिवस कलताना ती बांधावर उभी राहून, कपाळावर आडवा हात धरून त्यांच्या वाटेकडं बघायची. उन्हाची तिरीप समोरून यायची म्हणून हात. हाताची सावली तोंडावर पडायची.

मी दुकानात कामासाठी ठेवलेल्या काळ्या फळ्यावर खडूनं ते काढलं. बांध, मागं पसरलेला माळ, एक बाभूळ, आणि हात कपाळावर धरलेली बाई. चेहरा काढलाच नाही, नुसती सावली. उस्तादांनी मला जे शिकवलं होतं आणि जे कुणीच मागितलं नव्हतं, ते सगळं त्या एका चित्रात आपोआप आलं. अप्पा पुढं आले. काठी हातातून सुटून पडली ती त्यांनी उचललीही नाही.

"ही हाय," ते म्हणाले. "हीच हाय."

मी त्यांना सांगितलं की असंच रंगवून देतो, यापेक्षा खरं मला काही काढता येणार नाही. ते तयारही झाल्यासारखे वाटले. मग त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पोराला तोंड पाहिजे, ते म्हणाले. लांब उभ्या असलेल्या बाईला पोरगं आई कसं म्हणेल? त्याला बाकीच्यांसारखं पाहिजे, समोर बघणारं, हार घालता येईल असं. त्यांचं चुकत नव्हतं. संध्याकाळी एका किराणा दुकानाची पाटी आखायची होती म्हणून मी तो फळा पुसला.

मग आम्ही तोंड शोधायला निघालो. कोंडाबाईची थोरली बहीण साळूबाई सोनारीच्या बाजूला दिली होती. काळभैरवाच्या यात्रेला ती देवळात येणार असा निरोप होता. आम्ही एसटी बदलत बदलत सोनारीला पोचलो. गुलालानं माखलेल्या गर्दीत साळूबाई सापडली. देवळाच्या आवारात एका झाडाखाली तिला बसवून मी कागदावर काढायला लागलो. यात्रेकरू भोवती जमले, कुणी नाक मोठं झालं म्हणालं, कुणी हनुवटी बारीक करा म्हणालं. साळूबाई मात्र लाजत नव्हती. ती सांगत होती की कोंडी तिच्यापेक्षा सावळी होती, कपाळ तिच्यापेक्षा लहान होतं आणि हसताना पदर तोंडावर घ्यायची, कारण पुढचा एक दात वाकडा होता. अप्पांनी हा दात कधी पाहिला नव्हता. त्यांनी साळूबाईला पुन्हा विचारलं, खरंच वाकडा होता का?

बहिणीकडून नाक आणि हनुवटी आली. बाकीचं लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात गोळा केलं. अप्पा मला घेऊन बाजारातून फिरायचे आणि कोथिंबीर विकणाऱ्या एका बाईकडं बघून हळूच म्हणायचे, भुवया अशा. बांगड्या भरून घेणाऱ्या एखादीकडं बघून म्हणायचे, गाल साधारण असे. मी लांब उभा राहून उतरवून घ्यायचो. त्या बायकांना काही कळायचं नाही. आमच्या भागातल्या बायकांचे चेहरे मी त्या काळात जेवढे न्याहाळले तेवढे पुन्हा कधी न्याहाळले नाहीत. उन्हानं रापलेली कातडी कुठं तांबूस असते आणि कुठं निळसर, हे मला तेव्हा कळलं. डोळे मात्र कुणाचेच जमेनात. शेवटी हात आपोआप जिकडं गेला तसे काढले. माझ्या बायकोनं ते चित्र बघितलं आणि म्हणाली, हे तर आत्याबाईंचे डोळे. आत्याबाई म्हणजे माझी आई. मी निरखून बघितलं. तिचं खरं होतं. पण ते डोळे त्या चेहऱ्यात असे काही बसले होते की मला ते पुसवेनात.

माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं पोर्ट्रेट. फोटोवरून काढलेल्या चेहऱ्यात एक मेलेपणा असतो, तो यात नव्हता. अप्पा न्यायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "बरी हाय. अशीच व्हती म्हणायची."

घरी गेल्यावर त्यांनी बिरूला सांगितलं, ही तुझी आई. बिरूनं विचारलं नाही की हे चित्र कशावरून काढलं. पोर त्याच्या खाली जेवायला बसायचं, परीक्षेला जाताना पाया पडायचं. पुढं बिरू एसटीत कंडक्टर झाला, त्याचं लग्न झालं. नवरा-नवरीनं पहिला नमस्कार त्या चित्राला केला. मी त्या लग्नात होतो. सास्तूरच्या बायका म्हणत होत्या की कोंडाबाई अगदी अशीच होती. त्यांनाही कोंडाबाईचा चेहरा आठवत नसणार, पण चित्र समोर होतं. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

मधल्या काळात फ्लेक्स आला आणि माझा धंदा बसला. त्याचं रडगाणं गात नाही, माझ्यासारख्या सगळ्यांचंच ते झालं. मी ब्रश धुऊन ठेवले, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि घरी बसलो. अशात बिरूचा फोन आला. म्हणाला, "काका, अप्पा तुम्हाला बोलवायलेत. काय काम हाय ते सांगंनात."

मी माणसं भरून नेणारी वडाप जीप धरून सास्तूरला गेलो. अप्पा खूप थकले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मेंढरं विकून टाकली होती आणि दिवसभर पुढच्या खोलीत पलंगावर बसून असायचे. समोरच्याच भिंतीवर कोंडाबाई. बिरू ड्युटीवर होता, सून मागं धुणं धूत होती. अप्पांनी मला जवळ बसवलं आणि चित्राकडं न बघता बोलायला लागले.

रानात होते तोवर त्यांना काही जाणवलं नव्हतं. रोज दिवस कलताना ती बांधावर दिसायची. कपाळावर हात धरून उभी. इतकी वर्षं ती त्यांना तशीच दिसत आली होती. घरात बसायला लागल्यापासून दिवसभर समोर हे चित्र. आणि आता डोळे मिटले की बांधावरची येत नाही.

"तुमी काढलेली लई चांगली हाय, पेंटर. तुमाला नाव न्हाय ठेवत. पर ही आली आन् आमची गेली."

मी म्हणालो की बिरूला सांगून चित्र आतल्या खोलीत लावू. त्यांनी माझा हात धरला. बिरूला काय सांगायचं? त्याला आई म्हणून दुसरं काहीच ठाऊक नाही. ही तुझी आई नव्हे, ही बाजारातल्या बायकांची आहे, हे बापानं पोराला कसं सांगायचं? नुसतं आत लावा म्हटलं तरी तो का म्हणून विचारणार, आणि अप्पांना त्याच्या तोंडावर खोटं बोलता येणार नव्हतं. म्हणून ते मला म्हणाले की तुम्हीच काहीतरी सांगा आणि घेऊन जा. मी जिवंत आहे तोवर असू द्या तुमच्याकडं.

मी त्यांना विचारलं, ती बांधावरची कागदावर काढून देऊ का? माझा हात अजून अगदीच गेलेला नव्हता.

"नको," ते म्हणाले. "आता काय काढू नका."

संध्याकाळी बिरू आला. मी त्याला सांगितलं की रंगाला खालून पोपडे धरायला लागलेत, वेळेवर दुरुस्त केलं नाही तर चेहराच जाईल. त्यानं लगेच स्टूल आणलं, स्वतः चित्र उतरवलं, धुतलेल्या चादरीत गुंडाळलं आणि जीपमध्ये माझ्या मांडीवर ठेवलं. ड्रायव्हरला सांगितलं, सावकाश घे, आई हाय.

चित्र माझ्या घरी कपाटामागं उभं करून ठेवलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. बिरूचे फोन यायचे. झालं का काका, गौरी-गणपतीला मिळेल का, पोरं आजी कुठं गेली म्हणून विचारतात. मी सांगायचो की रंग वाळायला वेळ लागतो, जुना रंग असा मिळत नाही. तो कधी चिडला नाही. उलट म्हणायचा की तुम्ही सावकाश करा, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?

दिवाळीच्या आधी मी अप्पांना भेटायला गेलो. ते त्याच पलंगावर होते. समोरच्या भिंतीवर चित्राच्या जागी रंग न उडालेला एक चौकोन राहिला होता. अप्पा त्या चौकोनाकडं तोंड करून बसले होते. सून चहा ठेवून आत गेली तेव्हा मी हळूच विचारलं, आली का?

"न्हाय अजून," ते म्हणाले. मग कप उचलून म्हणाले, "पर आता वाट तरी बघता येतीया."

ही आमची शेवटची भेट. उन्हाळ्यात अप्पा गेले. ती आली की नाही हे विचारायला मी मधे एकदा जायला पाहिजे होतं असं वाटतं, आणि विचारलं नाही तेच बरं झालं असंही वाटतं. तेराव्याला मी चित्र घेऊन सास्तूरला गेलो. बिरूनं मोबाइलवर काढलेला अप्पांचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवून आणला होता. फोटो झकास होता, एकेक सुरकुती दिसत होती. अप्पा मोबाइलकडं बघत नव्हते, दाराबाहेर कुठंतरी बघत होते.

बिरूनं चादर सोडली, चित्रावरून टॉवेल फिरवला आणि म्हणाला, काका, अगदी नवं केलंत. त्यानं ते जुन्या जागी लावलं, शेजारी खिळा ठोकून अप्पांचा फोटो लावला आणि दोघांना हार घातले. सोनारीच्या देवळात उतरवलेलं नाक, बाजारातल्या भुवया, माझ्या आईचे डोळे. आणि शेजारी मल्हारी अप्पा, या बाईला एकदाही न भेटलेले.

बिरू चार पावलं मागं सरकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "काका, आता कुठं दोघं शेजारी आले."

मी हो म्हणालो.